लेकीच्या बारावीनंतर माझं लग्न

माझं लग्न लागलं तेव्हा माझी लेक बारावी पास झालेली होती. हे वाचून भुवया वर गेल्या असतील तर खाली घ्या. आमच्यात असं चालतं. तळासरी तालुक्यात झरीजवळच्या आमच्या पाड्यावर आलात, तर माझ्यासारखी कितीतरी जोडपी दाखवीन. संसार झाला, पोरं झाली, कुणाकडे तर जावईसुद्धा आला, आणि लग्न राहिलंय. राहिलंय म्हणजे विसरलंय असं नाही. वारल्याचं लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण, वर ताडी, सवाष्णींनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवाचा चौक लिहायचा, आणि धवलेरीनं गाणी म्हणून देवाला बोलवायचं. धवलेरी म्हणजे आमच्यातली लग्न लावणारी बाई. आमच्याकडे हे काम बाईच करते, भटजी लागत नाही. एवढा खर्च कोवळ्या वयात कुठून आणायचा? म्हणून दोघांनी आधी एकत्र राहायचं, कमवायचं, आणि हातात चार पैसे आले की लग्न लावून घ्यायचं. काहीजण तर मुलाच्या लग्नात त्याच मांडवात आपलंही उरकून टाकतात. मांडव एक, जेवण एक, पाहुणे तेच. शहरातल्या शिकलेल्या माणसांनी असं केलं तर त्याला मोठा पुढारलेला विचार म्हणतात. आम्ही केलं की तो आमचा मागासलेपणा.

माझा नवरा धाकट्या डहाणूच्या एका बोटीवर कामाला आहे. बोट आत गेली की चार-पाच दिवस तोंड दिसत नाही, आला की दोन दिवस नुसता झोपतो. मी बोर्डीला चिकूच्या वाडीत जाते. या वाडीत आधी माझी आजेसासू होती, मग सासू, आणि वीस वर्षांपासून मी. काढलेला चिकू धुवायचा, लहान-मोठा निवडायचा, खोक्यात भरायचा. सरकारी नोकरीसारखं आहे आमचं, पिढीजात. फक्त पगार आणि पेन्शन तेवढं नाही.

वाडीच्या मालकिणीला आम्ही मागे शेठाणी म्हणतो, तोंडावर बाई. मनानं वाईट नाही हो, असं सगळे म्हणतात. पैसेवाल्यांबद्दल असं म्हणायची पद्धतच आहे. एकदा तिच्याकडे मुंबईच्या पाहुण्या आल्या होत्या. मी ओट्याखाली चिकू निवडत बसले होते. शेठाणी त्यांना म्हणाली, "या लोकांचं बाई बरं असतं. लग्नाची भानगडच नाही. आवडला की राहिली त्याच्याकडे." पाहुण्या खुदुखुदु हसल्या. त्यातली एक वाकून मला विचारते, "खरंच गं?" जिभेवर आलं होतं, हो, आणि वकीलही लागत नाही सोडचिठ्ठीला. पण मी विचारलं काय, तर "बाई, मोठा चिकू वरच्या थराला लावू का?"

त्या वर्षी आमच्या घरात एकच गोष्ट चालू होती, लेकीचं नर्सिंग. पोरगी होस्टेलला राहून सायन्सनं बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आणि राखीव जागेतून नर्सिंगला तिचा नंबर लागला. पाड्यावरची पहिली. पण कॉलेजनं सांगितलं, ठरल्या तारखेच्या आत जातीची पडताळणी झाल्याचा दाखला आणा. नाही आणला तर जागा दुसऱ्याला, नाहीतर खुल्या वर्गाची फी भरा. त्या फीमध्ये आमच्या पाड्यावरची सगळी राहिलेली लग्नं लागली असती आणि वर ताडी उरली असती.

आता गंमत बघा. माझ्या उभ्या जन्मात माझी जात मला कुणी एक दिवस विसरू दिली नाही. दुकानदार सुटे पैसे हातावर ठेवत नाही, वरून टाकतो. बसमध्ये शेजारची बाई पदर सावरून सरकते. मी तोंड उघडायच्या आधी सगळ्यांना कळतं मी कोण ते. एकट्या सरकारला कळत नव्हतं. ऑफिसातल्या क्लार्कनं विचारलं, "मुलीच्या पणजोबांचा शाळेचा दाखला आहे का? जुना, जात लिहिलेला?"

"पणजोबा शाळेत गेले नाहीत."

"का नाही गेले?"

"शाळा आली नव्हती."

त्याला वाटलं मी उलट बोलते. मी आपली खरं ते सांगत होते, पण खरं लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. शेवटी तो म्हणाला, जुना कागद नसेल तर साहेब घरी येतील, तुमचे देव, चालीरीती विचारतील, बघतील.

"काय बघतील?"

"तुम्ही खरंच वारली आहात का ते."

मी त्याच्यापुढे उभी होते. त्यानं मान वर केली असती तर तिथंच काम झालं असतं.

तेवढ्यात इलेक्शन आलं. म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ऑफिसात जावं तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. एक साहेब ट्रेनिंगला, दुसरे मतदारयादीला, तिसरे मीटिंगला. लोकशाहीचं काम चाललंय म्हणे, तुमचं नंतर बघू. आणि इकडे आमच्या पाड्यावर हीऽ वर्दळ! एरवी आमचा रस्ता कुणाला सापडत नाही. पावसात बाळंतिणीला झोळीत घालून न्यावं लागतं, कारण गाडीवाल्याला तो दिसत नाही. त्या दिवसांत मात्र सगळ्या पक्षांच्या जीपांना बरोबर दिसला. सभेला न्यायला टेम्पो दारात उभा राहायचा. सगळे म्हणायचे, तुम्ही आमचीच माणसं. एवढे नातेवाईक आम्हाला कधीच नव्हते.

त्यातला एक कार्यकर्ता होता. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल, आणि तोंडात सारखं "ताई, ताई". त्याच्या खिशात बिनलग्नाच्या जोडप्यांची यादी होती. तिच्यावरून नाव शोधून तो माझ्या दारात आला. मी अंगण झाडत होते.

"ताई, आपल्या साहेबांनी सामुदायिक विवाह ठेवलाय. शंभर जोडपी. तुम्हाला एक रुपया खर्च नाही. साडी, मंगळसूत्र, भांड्यांचा सेट, गॅसची शेगडी, सगळं साहेबांकडून."

"आम्हाला नको. आमचं लग्न आम्ही लावू."

"कधी?"

मेल्यानं नेमकं तेच विचारलं. वीस वर्षं मी पण तेच विचारत होते. दर वर्षी ठरवायचं, आणि दर वर्षी काहीतरी यायचं. कधी सासूचं ऑपरेशन, कधी घराचे पत्रे उडाले, कधी बोट बंद. मी झाडू थांबवला, तसं त्यानं ओळखलं. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, प्रमाणपत्र पण मिळतं. मुलीच्या कामाला येईल."

बस. तिथं मी हरले. साडीला नाही भुलले, शेगडीला नाही भुलले, कागदाला भुलले. आणि खोटं कशाला बोलू, त्या मुंबईच्या पाहुण्यांचं हसणंही कानात होतंच. म्हटलं, एकदा लावून टाकू, लोकांची तोंडं तरी बंद होतील.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तुला लग्न पाहिजे का कागद?"

"कागद."

"मग कर."

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुला साडी. मला काय?" म्हटलं, शर्टाचं कापड. म्हणाला, "चल मग."

एक धवलेरी तेवढी भडकली. पाड्यावरची म्हातारी, माझ्या सासूच्या वेळेपासूनची. ती वारलीत बोलली, मी मराठीत सांगते. "देव बसवला नाही, चौक लिहिला नाही, मग लग्न लागणार कुणासमोर?"

मी म्हटलं, "साहेबांसमोर."

ती तंबाखू थुंकून म्हणाली, "मग नांदायला पण त्याच्याच घरी जा."

आमच्याकडे भात कापून घरात आलं की मग लग्नं. तेव्हा भात अजून शेतात हिरवंगार उभं होतं. शेठाणीच्या कॅलेंडरवर बघितलं तर चातुर्मास चालू, तिच्या लोकांनाही मुहूर्त नाही. पण आचारसंहितेचा मुहूर्त सगळ्यात मोठा. ती लागायच्या आत आम्ही लागलो पाहिजे होतो. तळासरीच्या एका मैदानात स्टेजपुरता मांडव घातला. प्रत्येक नवऱ्याच्या छातीवर नंबर चिकटवला. आमचा त्रेसष्ट. ओळीत बसवलं. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या डोक्यात पांढरे केस, एकीची तर सून शेजारच्या रांगेत नवरी होऊन बसलेली. स्टेजवर माईक लावून भटजी. आमच्यात कुणाला तो काय म्हणतो ते कळत नव्हतं आणि त्यालाही आमच्याशी काही कर्तव्य नव्हतं. पण बिचाऱ्याची खरी पंचाईत वेगळीच होती. साहेब यायचे होते, आणि साहेब आल्याशिवाय अक्षता टाकायच्या नाहीत असा हुकूम होता. तीन तास त्यानं मंगलाष्टकं ताणली. सारखं आपलं सावधान, सावधान. अरे बाबा, आम्ही सकाळपासून सावधानच बसलोय, उन्हात.

मग साहेब आले. फटाके वाजले. साहेब माईकवर म्हणाले, "या माझ्या आदिवासी भगिनींचं कन्यादान करण्याचं भाग्य मला लाभलं." मी नीट बघून घेतलं. माझा बाप शोभेल असं काही वाटेना. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहानच असेल. आणि दान कसलं? आमच्यात मुलीचं दान करत नाहीत. उलट नवऱ्याकडचे मुलीच्या बापाला देज देतात, कमावती पोर नेतोय म्हणून. इथं ज्यानं एक दिवस मला पेज घातली नाही त्यानं माझं दान केलं, तेही शंभराच्या घाऊक भावात. समोर लोकांत बसलेली माझी लेक तोंडाला ओढणी लावून हसत होती. मलाही हसू यायला लागलं. नवरा कोपरानं ढोसून म्हणाला, "गप, फोटो काढतायत."

शेगडी मिळाली, सिलिंडर नव्हता. मंगळसूत्र आठवड्यात काळं पडलं. प्रमाणपत्र मात्र झकास, जाड, चकचकीत, सोनेरी किनारीचं. वर साहेबांचा रंगीत फोटो, हात जोडलेला. खाली आमच्या नावांना दोन रेघा. चार दिवसांनी आचारसंहिता लागली आणि रस्त्यावरचे साहेबांचे सगळे फोटो कागद चिकटवून झाकले. माझ्याकडचा तेवढा उघडा राहिला.

आता माझा मूर्खपणा सांगते. आमच्या लोकांना एक खोड आहे. पिढ्यान् पिढ्या कागद नाही म्हणून हाकललेली माणसं आम्ही, त्यामुळे कुठला का असेना, शिक्का दिसला की झेरॉक्स काढायची आणि फाइलला जोडायची. लाइटचं बिल जोडतो, लसीचं कार्ड जोडतो, मागितलेलं नसलं तरी. मी लेकीला म्हटलं, हे पण जोड. ती म्हणाली, "आई, हे त्यांनी मागितलं नाहीये." मी म्हटलं, "असू दे. फाइल जड दिसते." शहाणी पोरगी, पण आईचं ऐकलं.

मतदान झालं, निकाल लागला, साहेब निवडून आले, गुलाल उडाला. मग खुर्च्या भरल्या आणि एके दिवशी जात पडताळणी समितीचे साहेब आमच्या घरी आले. कॉलेजच्या तारखेला तेव्हा अकरा दिवस उरले होते. माणूस शांत होता, आवाज चढवत नव्हता. पाण्याची बाटली त्यानं स्वतःची आणली होती. खाटेवर बसून त्यानं प्रश्नांचा कागद काढला आणि मी, नवरा, लेक, तिघंही परीक्षेला बसल्यासारखे जमिनीवर बसलो.

देव कोणते? नवरा म्हणाला, हिरवा, नारणदेव, हिमाय, वाघ्या. नवं भात आलं की काय करता? मी सांगितलं, कणसरी देवीला दाखवल्याशिवाय खात नाही. मेल्यावर काय करता, बाळ जन्मलं की काय करता, सगळं विचारलं. साहेब बरोबरच्या खुणा करत होते. लेकीच्या तोंडावर रंग आला. मग विचारलं, "लग्न कोण लावतं तुमच्यात?"

"धवलेरी."

बरोबर.

"तुमचं कोणत्या धवलेरीनं लावलं?"

तेव्हा जर मी म्हटलं असतं, साहेब, अजून लागलंच नाही, परिस्थिती नाही, तर त्या माणसानं अजून एक बरोबरची खूण केली असती आणि चहा पिऊन गेला असता. पण मी काही बोलायच्या आत त्यांनी फाइलचं पान उलटलं. सोनेरी किनार झेरॉक्समध्ये काळी आली होती. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "'शास्त्रोक्त पद्धतीने, वैदिक मंत्रोच्चारात संपन्न.' हे काय आहे?"

मी म्हटलं, "साहेब, ते इलेक्शनचं लग्न."

"म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. कार्यकर्ता, शंभर जोडपी, नंबर त्रेसष्ट, सगळं. साहेबांना हसू आलं असावं, कारण त्यांनी बाटली तोंडाला लावली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता एक आणि कागद सांगतो दुसरं. मी कागद काढून टाकू शकत नाही. तुम्हीच जोडलाय."

नवरा माझ्याकडे बघत होता, लेक कुणाकडेच बघत नव्हती. वीस वर्षं बिनलग्नाची राहिले तोवर मी पक्की वारलीण होते, आणि जगानं त्याबद्दल नाकं मुरडली. जगाची लाज वाटून एकदा लग्न केलं, तर लेकीची जात संशयात आली. कसंही उभं राहा, माप आपलंच कमी भरतं!

उठताना साहेब म्हणाले, एक मार्ग आहे. तुमच्या नात्यातला नाही, जातीतला नाही, असा कुणी जुना माणूस, ज्याच्या घराण्याला तुमच्या घराची तीन पिढ्यांची माहिती आहे. त्यानं माझ्यासमोर सांगून सही केली तर मला लिहिता येईल. परवा मी बोर्डीकडेच आहे.

मी आधी त्या पांढऱ्या शर्टाला फोन लावला. म्हटलं, भाऊ, तुम्ही लिहून द्या ना, हे लग्न आमच्या रिवाजाचं नव्हतं, तुमच्या कार्यक्रमाचं होतं. मागे ढोल वाजत होते. तो ओरडून म्हणाला, "ताई, मिरवणुकीत आहे. तुमचं लग्न लागलं ना? मग आता काय?" पुन्हा लावला तर बंद. गरज सरो, वैद्य मरो. त्यातला वैद्य मी होते एवढंच.

उरली शेठाणी. माझ्या सासरच्या तीन पिढ्या बघितलेलं दुसरं घर नव्हतं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी, असं रस्ताभर मनात घोकत मी बोर्डीला गेले. शेठाणी झोपाळ्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. लग्नाचं ऐकून ती इतकी हसली की शेंगा सांडल्या. मग म्हणाली, "अगं, सांगेन की. खोटं थोडंच सांगायचंय मला?"

ठरल्या दिवशी साहेब आले. त्यांना ओट्यावर खुर्ची दिली, चहा दिला. शेठाणीनं ठेवणीतली साडी नेसली होती. मी आणि लेक खाली, पायरीपाशी उभ्या.

साहेबांनी विचारलं, "यांना कधीपासून ओळखता?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा हिच्या नवऱ्याची आजी होती कामाला. मग त्याची आई. आता ही."

"हे लोक वारलीच आहेत, हे तुम्ही कशावरून सांगता?"

शेठाणीला प्रश्नच कळेना. "कशावरून म्हणजे? अहो साहेब, तीन पिढ्यांत या ओट्याच्या वर कुणी आलं नाही यांच्यातलं. यांचे कप वेगळे आहेत, मागे पडवीत खुंटीला, दाखवू का? धुवायचे पण त्यांचे त्यांनीच. पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतायचं, हात लागू द्यायचा नाही. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे. मी काही मोडली नाही अजून. वारली नसते तर असं कशाला केलं असतं आम्ही?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, खोट नव्हती. मदत करत होती ती मला. सगळं आठवून आठवून, काही सुटू नये म्हणून, बोटांवर मोजून सांगत होती. साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि मग लिहायला लागले. सरकारला जो पुरावा कुठं सापडत नव्हता तो शेठाणीच्या पडवीत खुंटीला टांगलेला होता.

लेक हलली. तिनं पाय पायरीवर टाकला होता, तोंड उघडलं होतं. मी तिचं मनगट धरलं, असं धरलं की तिला लागलं असणार. मी आतून पेटले होते. वीस वर्षांत त्या कपातून कितीदा चहा प्याले असेन, पण तो असा सरकारी कागदावर, सहीशिक्क्यानिशी, कुणी वाचून दाखवला नव्हता. तोंडात शिव्या होत्या, मराठीतल्या, वारलीतल्या, बोटीवरून नवऱ्यानं आणलेल्या गुजरातीतल्याही. पण तारखेला नऊ दिवस राहिले होते. मी मनगट सोडलं नाही.

शेठाणीनं चष्मा लावून झोकात सही केली. साहेब गेले. ती वरून म्हणाली, "झालं ना गं काम?"

"हो बाई. तुमचे फार उपकार झाले."

आणि हे मी मनापासून म्हटलं. वरवर म्हटलं असतं तर आज एवढं लागलं नसतं. खरंच त्या क्षणी मला तिचे पाय धरावेसे वाटले, आणि लेक ते बघत होती. घरी जाताना रिक्षात ती माझ्याकडे पाठ करून बसली. पाड्यावर उतरल्यावर म्हणाली, "माझा हात का धरलास?"

"हात नाही, तुझी सीट धरली होती."

"मला तसली नको होती."

"मला पाहिजे होती," मी म्हटलं, आणि चूल पेटवायला गेले.

तारखेच्या आधी तीन दिवस दाखला आला. लेकीनं तो कॉलेजात नेऊन दिला, त्यांनी शिक्का मारून घेतला, जागा पक्की झाली. ती परत आली तेव्हा बोटीवरून आलेला नवरा जागाच होता. तिनं पावती दाखवली, तर त्याला ती उलटी धरलेलीसुद्धा कळेना, नुसता रडत होता. मी म्हटलं, आता शेठाणीला पेढे द्यायला पाहिजेत. लेक म्हणाली, "मी पण येते."

मला वाटलं, राग गेला. पाव किलो पेढे घेतले. दुकानदारानं कागदात बांधून दिले, घरी येईपर्यंत कागद तुपकट झाला, म्हणून मी ते स्टीलच्या डब्यात काढले. बोर्डीला पोचलो तर शेठाणी ओट्यावरच होती. लेक माझ्या हातातून डबा घेऊन पुढे झाली, आणि थांबली नाही. पहिली पायरी चढली, दुसरी चढली, ओट्यावर जाऊन झोपाळ्यासमोर उभी राहिली. मी पायरीखालीच. शेठाणीही क्षणभर बघतच राहिली, पण आनंदाचा दिवस म्हणून असेल, तिनं लेकीला खाली उतरवलं नाही.

"झाली बाई नर्स! आमच्याच सहीनं झाली हो," ती म्हणाली. लेकीनं डबा उघडून पुढे केला. शेठाणीनं हात घातला आणि बोटं पेढ्यापाशी नेऊन विचारलं, "दुकानातलेच ना गं?"

हो बाई, म्हणायला मी तोंड उघडलं.

"नाही," लेक म्हणाली. "घरी केलेत. मीच वळलेत."

शेठाणीचा हात डब्यातच राहिला. पेढ्याला लागेना आणि बाहेर येईना. तिनं माझ्याकडे बघितलं. लेकीनं डबा मागे घेतला नाही, हसली नाही, दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पेढे कुठून आणले ते मला माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर शेठाणी सुटली असती.

मी बोलले नाही.